आमच्या नाटकाचा प्रॉम्प्टर

माझ्या नाटकाला आयुष्यात पहिली शिट्टी पडली ती त्याच्या वाक्याला. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलंय ते काही अजून थांबलेलं नाही. लोक म्हणतात, गुरुजी, एवढा मोठा सिनेमाचा लेखक तुमचा मित्र, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल. वाटतो की. अभिमानही वाटतो आणि जळफळाटही होतो, आणि खरं सांगायचं तर जळफळाट पुष्कळ जास्त होतो. सत्तरी उलटल्यावर आता खोटं कुणासाठी बोलू?

मी महाळुंगे पडवळला शाळेत नवीन मास्तर म्हणून आलो होतो. माझं गाव वर, भीमाशंकरच्या अंगाला, घोड नदीच्या खोऱ्यात. ते आता डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली आहे, त्याचं पुढे सांगतो. महाळुंग्याला तेव्हा जत्रेत गावातली पोरं दर वर्षी नाटक बसवायची. नवीन मास्तर लिहितो असं कळल्यावर नाटक माझ्या गळ्यात पडलं, आणि मीही ते मोठ्या खुशीने पाडून घेतलं. तीन अंकी, सामाजिक. सरपंचाची मुलगी परजातीच्या मुलाबरोबर घर सोडून जाते, असं काहीतरी. भाषा मात्र मी अशी घातली होती की पुण्याच्या लोकांनी तोंडात बोटं घालावीत.

हा माझा मित्र गावातल्याच एका बागायतदाराचा धाकटा. नाटकात काम करायची त्याला भारी हौस, पण आवाज इतका किनरा, की स्टेजवर तोंड उघडलं तर दुःखाच्या प्रसंगातही लोक हसले असते. म्हणून त्याला माझी वही देऊन विंगेत प्रॉम्प्टर बसवला. सरपंचाचं काम गावच्या गिरणीवाल्याकडे होतं. अंगापिंडाने सरपंच शोभायचा, पण पाठांतराच्या नावाने शंख. विंगेतून जे येईल ते दणदणीत आवाजात बोलायचं, एवढं त्याला येत होतं.

तिसऱ्या अंकात मुलगी घर सोडून निघते. तिथे सरपंचाला माझं वाक्य होतं, 'कन्ये, तू आमच्या कुलकीर्तीला कलंक लावलास!' मी प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसून ते ओठातल्या ओठात म्हणतही होतो. गिरणीवाला थांबला. विंगेकडे कान केला. मग मुलीच्या पायांकडे बघून म्हणाला, "जातीस तर जा. पण पायात घालून जा गं. ऊन लई हाय."

बायकांनी पदर डोळ्याला लावले आणि मागून अशी शिट्टी पडली, की झाडावरची पाखरं उठली. शेजारी बसलेल्या खऱ्या सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुजी, लई झ्याक लिवलंय."

मी तेवढ्यापुरता हसलो. पण सकाळी हॉटेलात गिरणीवाल्याने जाहीर करून टाकलं, "मला काय म्हाईत? आतून आलं ते म्हणलो." दुपारपर्यंत गावाला कळलं होतं, की नाटक मास्तरांचं पण रडवलं प्रॉम्प्टरने.

मी त्याला त्याच्या बराखीत गाठलं. बराख म्हणजे आमच्याकडची कांदा साठवायची हवेशीर चाळ. तो कांद्याच्या ढिगाला टेकून बसला होता.

"माझं वाक्य का बदललंस?"

"मी कशाला बदलू गुरुजी? त्येला त्ये झेपंना. कुलकीर्ती म्हणताना गडी तालमीत दोनदा ठेसकाळला व्हता. मग मला सुचलं ते दिलं."

"पण मध्येच पायात घालायचं कुठून आलं?"

"तुमीच लिवलंय की, अनवाणी जाती म्हणून. चैताचं ऊन. बापाची नजर कुठं जाईल?"

अनवाणी मीच लिहिलं होतं आणि ते मलाच दिसलं नव्हतं. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे त्याने त्याच बराखीत बसून नाटकं रचली. रचली म्हणतो, कारण तो लिहायचा नाही. तोंडाने सांगायचा आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. कांद्यांत बसल्यामुळे डोळ्यांतून सारखं पाणी. मुंबईला गेल्यावरसुद्धा त्याने भाड्याच्या खोलीत टेबलाखाली कांद्याचं पोतं ठेवलं होतं. त्या वासाशिवाय म्हणे त्याला माणसं बोलताना ऐकूच यायची नाहीत. एकदा एक निर्माता अचानक खोलीवर आला, तर हा भिंतीकडे तोंड करून संवाद सांगतोय आणि गालांवरून धारा लागल्यात. निर्मात्याला गहिवरून आलं. हा लेखक रडून लिहितो, अशी मुंबईभर ख्याती झाली. त्यानेही खुलासा केला नाही. इकडे मी माझ्या नाटकांवर खरोखर रडत होतो, त्याची कुणाला कानोकान खबर नव्हती.

मुंबईच्या आधी नारायणगाव. चैत्रात तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी फड ठरवायला येतात. हा तिथे जाऊन कुणाच्याही राहुटीत बसायचा आणि पंच आणि मालक सुपारी ठरवताना कसे बोलतात ते ऐकायचा. एका फडाच्या मालकीणबाईने त्याला हटकलं.

"रोज येऊन बसतोयस. कंच्या गावचा पंच तू?"

"पंच न्हाई बाई. ऐकतोय."

"ऐकून काय करतोस?"

त्याने तिला तिचंच सकाळचं भांडण म्हणून दाखवलं, तिच्या आणि पंचांच्या दोन्ही आवाजांत. बाई हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, आमचा वग लिवणारा म्हातारा झालाय, लाग उद्यापासून कामाला. तिच्यासाठी त्याने बरेच वग केले. त्यातला एक बघून पुण्याच्या माणसाने त्याला नाटक मागितलं, नाटक बघून मुंबईच्या माणसाने सिनेमा मागितला, आणि मग चाळीसेक वर्षं गडी थांबलाच नाही. भिंतीवर पुरस्कार मावेनात म्हणून त्याच्या बायकोने काही पलंगाखाली सारले. मला त्या काळात शिक्षकांच्या नाट्यस्पर्धेत एक उत्तेजनार्थ मिळालं. ते मी दर्शनी भिंतीवर लावलंय.

त्याचं सगळं भांडवल म्हणजे आमची माणसं. त्याला नावं लक्षात राहायची नाहीत, सख्ख्या भाच्याला तो 'ए पावणं' म्हणायचा. पण कोण कुठे काय बोललं ते शब्दाला शब्द. समोरचा बोलायचा थांबला, की हा मान पुढे काढून विचारायचा, "मग?" माणूस आणखी बोलायचा. पुन्हा "मग?" असं करत करत माणूस रिकामा व्हायचा आणि हा उठून जायचा. चहा अर्धा तसाच.

आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी ही गर्दी लोटते. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात, मग पिंड ठेवतात. हा मंचरपासून जुन्नरपर्यंत कुणाच्याही दशक्रियेला हजर. ना ओळख, ना पाळख. भाषणं नाही, मागे बसलेल्या माणसांची कुजबूज ऐकायचा. एकदा भाषणं संपेनात आणि कावळा शिवेना. तेव्हा मयताची म्हातारी बायको शेजारणीला म्हणाली, "त्यास्नी भाषान आटपाया सांगा, मग येतील हे. जित्तेपणी बी ह्यास्नी भाषान सोसत नव्हतं." पुढच्या वर्षी ते पडद्यावर. मला वाटलं, घरचे आता काठ्या घेऊन निघतील. कसलं काय, म्हातारीने आख्खी भावकी टेम्पोत घालून सिनेमाला नेली आणि वाक्य आल्यावर अंधारात उभी राहून सांगितलं, "ह्ये मी म्हणलं व्हतं."

तसंच निमगाव साव्याच्या दोन भावांचं. बांधावरून त्यांची कोर्टात केस. त्यांचं बांधावरचं भांडण त्याने जसंच्या तसं सिनेमात घातलं. दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवर बसून सिनेमाला गेले, पोट धरधरून हसले आणि घरी येऊन पुन्हा केस चालू. त्याच्यावर कुणी रागवायचंच नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. मी लोकांच्या भल्यासाठी नाटकं लिहिली. हुंडा, दारू, साक्षरता. लोक मधल्या वेळेत उठून भेळ खायला जायचे.

घरीही तीच गत. रविवारी दुपारी टीव्हीवर त्याचा सिनेमा लागला, की आमची ही भाजी निवडायची सोडून हसत बसायची. माझं नाटक वाचून दाखवलं की म्हणायची, "बरंय." चांगलं नाही, वाईट नाही, बरंय. त्या एका शब्दावर मी संसार काढला.

आता माझ्या गावाचं.

एकदा श्रावणात आम्ही दोघे एसटीने भीमाशंकरला निघालो होतो. डिंभ्याच्या पुढे रस्त्यावर दरड आली म्हणून गाडी थांबली. खाली धरण तुडुंब भरलेलं. मी खिडकीतून बोट केलं. "तिथं आमचं घर होतं." तो म्हणाला, "मग?" आणि मी इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं त्याला सांगून बसलो.

धरणाचं पाणी चढणार म्हणून आमच्या लोकांनी घरं उतरवली. तुळया, दारं, कौलं, सगळं खालच्या नव्या गावठाणात न्यायचं. आई आधीच गेली होती. शेवटच्या खेपेला मी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन गेलो. ड्रायव्हर रस्त्यावर थांबला. मी घरात आलो तर वर छप्पर नाही, नुसत्या भिंती उभ्या, आणि दादा, म्हणजे माझे वडील, जमीन सारवत होते. घमेल्यात शेण कालवून, उकिडवे बसून, देवाच्या कोपऱ्यापासून मागे सरकत सरकत. आमच्या घरात सारवण म्हणजे आईचं काम. दादांचा हात शेणात मी गोठ्याबाहेर कधी पाहिला नव्हता. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी म्हणालो, दादा, अहो हे बुडणार आहे.

पुढचंही सगळं मी त्याला सांगितलं, तेव्हा आठवत होतं तसं. त्याने खिडकीची काच पुसून खालचं पाणी पाहिलं. मग म्हणाला, "ह्ये कुणी लिवायचं?"

"मी."

"लिवा मग. बिगीबिगी लिवा."

मी लिहायला घेतलं. माझ्याकडे काही नसलं तरी हे होतं, आणि हे साऱ्या जगात फक्त माझं होतं. तीन अंक झाले. दादांना दोन पानांचं स्वगत घातलं, सह्याद्रीला उद्देशून. त्याला वाचून दाखवलं. तो पायाचा अंगठा कुरवाळत ऐकत होता.

"गुरुजी, ह्यात तुमीच लई दिसताय. बाप कुठाय?"

मी दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. मग पुन्हा लिहिलं. पुन्हा फाडलं. तो गावाला आला की विचारायचा, झालं का? एके वर्षी सरळच म्हणाला, "मला द्या. जीव लागलाय माझा त्यात."

मी म्हणालो, "सगळा तालुका नेलास की. हे एवढं माझं राहू दे."

त्याने मान हलवली. आणि ज्या माणसाने म्हातारीची कुजबूज सोडली नाही, त्याने माझ्या दादांना हात लावला नाही. किती सिनेमे आले, प्रत्येक वेळी मी तेच शोधायला जायचो. कुठे धरण नाही, कुठे शेणाचं घमेलं नाही. एवढं त्याचं मला मान्य करावंच लागतं. त्याने चोरलं असतं तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी रिटायर झालो. आता वेळच वेळ होता आणि नाटक काही होत नव्हतं. एक दिवस ही शेंगा फोडता फोडता म्हणाली, "अहो, द्या की त्यांना. तुमच्याच्यानं होणार असतं तर आत्तापर्यंत झालं नसतं का?"

बायकोने असं म्हटल्यावर माणसाने कुठे जायचं? मी दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला आणि म्हणालो, घे.

सिनेमा आला. आम्ही नारायणगावला थिएटरात पाहिला. बाकीचं काय होतं ते मला सांगता येणार नाही, मी त्या एका प्रसंगाची वाट बघत होतो. भिंती आल्या, उघडं आभाळ आलं. माझं काम करणारा पोरगा म्हणाला, दादा, हे बुडणार आहे. म्हाताऱ्या नटाने हात थांबवला, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पाव्हणा यायचाय घरात. त्याला काय धुळीत बसवायचं?"

हिने अंधारात माझा हात धरला. त्याच क्षणी माझं पोटातलं जुनं दुखणंही उठलं. हेच, हेच ते. मला एवढ्या वर्षांत जे कागदावर उतरवता आलं नाही ते त्याने दोन ओळींत उतरवलं होतं.

त्या वाक्याने दादा आमच्या खोऱ्यात देवमाणूस झाले. पोरांच्या मोबाइलच्या स्टेटसला दादांचं वाक्य. धरणग्रस्तांच्या मेळाव्यात पुढाऱ्यांच्या तोंडी दादांचं वाक्य. मला सत्काराला बोलवायला लागले, आणि मी उभा राहून सांगायचो, आमचे दादा म्हणाले होते, पाव्हणा यायचाय घरात. टाळ्या पडायच्या. बाप माझा, वाक्य त्याने वेचलेलं, आणि मधल्यामध्ये मी आपला निरोप्या. तरी मी सांगायचो. टाळ्या कुणाला नको असतात?

गेल्या वर्षी नव्या गावठाणात देवळाचा सभामंडप बांधला. लोकांनी ठरवलं, दर्शनी भिंतीवर दादांचं वाक्य लिहायचं, खाली दादांचं नाव. पेंटर शिडी लावून तयार. मला म्हणाला, "गुरुजी, एकदा तुमच्या तोंडून सांगा, म्हंजी चुकायला नको."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला वाटलं, एकदा दादांच्या आवाजात ऐकावं आणि मग सांगावं. डोळे मिटले. वाक्य आलं, पण आवाज नटाचा आला. तो नट वऱ्हाडकडचा, त्याचा हेल आमच्याकडचा नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. दादांचा चेहरा आला, आवाज नटाचाच. पेंटरला म्हणालो, थांब जरा, उद्या सांगतो. आणि एसटी धरून महाळुंग्याला गेलो.

तो आता कायमचा गावाला आलाय. काम बंद आहे. चैत्रातही कानटोपी घालून बराखीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. मला बघून म्हणाला, "या गुरुजी. जेवलात का?"

मी बसलोही नाही. "दादा तेव्हा नेमकं काय म्हणाले होते?"

"कवा?"

"सारवताना. मी तुला एसटीत सांगितलं होतं ना, ते मी नेमकं काय सांगितलं होतं?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काय न्हाई."

"म्हणजे?"

"काय न्हाई म्हणलं तुमचं दादा." मग तो त्या किनऱ्या आवाजात माझ्यासारखं, माझ्या शाळेतल्या भाषेत बोलायला लागला. "तुमी म्हणला, 'मी म्हणालो, दादा, अहो हे बुडणार आहे. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. उंबऱ्यापर्यंत सारवत आले. हात धुतले. घमेलं ट्रॉलीत टाकलं आणि जाऊन बसले.' मी म्हणलं, मग? तुमी म्हणला, 'मग काही नाही. नव्या गावठाणापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.'"

मी खाली ओट्यावर बसलो. ते ऐकताना मला कळत होतं की हे खरं आहे.

"मग ते पाव्हण्याचं वाक्य कुणाचं?"

"माझं." तो कानटोपी सारखी करत होता. "सिनेमात गप बसल्याला माणूस कुणी इकत घेत न्हाई, म्हणून घातलं. सगळी हयात लोकांचं उचाललं गुरुजी. त्येवढं एकच माझ्या मनाचं. मला वाटलं, तुमी थेटरातनंच येऊन माझी गचांडी धरशाल. तुमी तर सत्कारात सांगत सुटला. मग मी कसं बोलू?"

त्याच्या कुठल्याच पुरस्काराचा वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या वेळी त्याचा वाटला. माझे दादा जसे होते तसे त्याच्याकडे शिल्लक होते. माझ्याकडे नव्हते.

पेंटरला मी फोन करून सांगितलं, वाक्य नको, नुसतं नाव लिही. गावठाणातल्या लोकांना ते आवडलं नाही. गुरुजींना सख्ख्या बापाचंही कौतुक सोसवत नाही, असं माझ्या कानावर आलं.

हल्ली रोज दुपारी पडल्या पडल्या मी दादांना पुन्हा त्या घरात बसवतो. भिंती, उघडं आभाळ, शेणाचं घमेलं, मागे सरकणारे त्यांचे पाय, सगळं बरोबर येतं. बाहेर हॉर्न वाजतो. मी म्हणतो, दादा, अहो हे बुडणार आहे. आणि मनात म्हणतो, आता वर बघू नका. ते वर बघतात, आणि बोलतात.